गोफणगुंडा आणि धोटा

सोलापूर जिल्ह्यांत पौष-माघाच्या सुमारास रब्बीची ज्वारी हुरड्यास आली, म्हणजे शेताशेतांतून माळे उभारले जात आणि पहाटेपासून गोफणी फिरूं लागत. अजूनहि कोठें कोठें हा देखावा दृष्टीस पडतो. माळ्यावर बहुधा एखादी मुलगी, नाहींतर शाळा बुडवून आलेला तिचा भाऊ उभा असतो. गोफणीच्या दोन दोऱ्यांपैकीं एकीचा फांस बोटांत अडकविलेला, दुसरीचें टोंक चिमटींत धरलेलें आणि मधल्या विणलेल्या झोळींत वाळलेल्या मातीचा गुंडा. डोक्याभोंवतीं दोनतीन फेरे होतात, चिमूट सुटते, दोरीचा फटकारा वाजतो आणि कणसांवर बसलेला पाखरांचा थवा भुर्रकन् उठतो.

या साध्या कृतींत एक कोडें आहे. गुंडा नेमका कोणत्या क्षणीं सोडावा? ज्यानें गोफण कधीं हातांत धरली नाहीं असा शिकलेला मनुष्य सहज उत्तर देईल कीं, फिरतां फिरतां गुंडा पाखरांच्या समोर आला कीं लगेच सोडावा. तसें केलें तर गुंडा पाखरांकडे न जातां भलत्याच शेतांत, कदाचित् शेजाऱ्याच्या बैलाच्या पाठीवर जाऊन आदळेल. माळ्यावरची मुलगी तसें करीत नाहीं. ती चिमूट सोडते तेव्हां गुंडा पाखरांच्या दिशेस नसतोच. तो तिच्या एका बाजूस, लक्ष्यापासून सुमारें पाव फेरा मागें असतो. तेथून सुटलेला गुंडा नीट थव्याकडे जातो. हें तिला कोणीं वहींत लिहून दिलेलें नसतें. चारदोन दिवस गुंडे वाया गेले कीं हात शहाणा होतो.

यामागील कारण असें आहे. गुंडा वर्तुळांत फिरत असतांना त्याला बाहेर फेंकणारी कोणतीहि वस्तु तेथें नसते. हाताला जो ताण जाणवतो तो दोरीचा. आणि दोरी गुंड्याला बाहेर ढकलीत नाहीं, उलट सारखी आंत ओढीत असते. गुंडा प्रत्येक क्षणीं सरळ जाऊं पाहतो आणि दोरी त्याला वळवून आणते. दोरी सुटली, म्हणजे वळविणारें कोणी उरत नाहीं, आणि त्या क्षणीं त्याचें तोंड जिकडे असेल तिकडे तो सरळ निघून जातो. जमिनीकडे तो हळूहळू झुकतो तेवढें पृथ्वीच्या ओढीचें काम. डावी-उजवीकडे मात्र तो तसूभरहि वळत नाहीं. ओल्या रस्त्यांत गाडीच्या चाकावरून उडालेला चिखलहि असाच, चाकाच्या कडेला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेंत जातो.

पण याहून अवघड प्रश्न पुढेंच आहे. हात सुटल्यावर गुंड्याला पुढें नेतें कोण? बैल थांबले कीं गाडी थांबते, ढकलणें थांबलें कीं पाटा जागच्या जागीं राहतो. मग गुंडाच तेवढा कोणाच्या बळावर शेतभर जातो? ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचें म्हणणें असें होतें कीं, चालविणारा लगटून असल्यावांचून कोणतीहि वस्तु चालत नाहीं. हातानें वस्तूबरोबर भोंवतालची हवाहि हलविलेली असते आणि ती हवाच तिला पुढें ढकलीत नेते. आज हें उत्तर ऐकून हंसूं येईल. परंतु डोळ्यांना रोज जें दिसतें त्याच्याशीं तें जुळणारें होतें, आणि म्हणूनच दोन हजार वर्षांच्या सुमारास तें पुष्कळांच्या मनावर ताबा ठेवून राहिलें.

आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक सूत्रांत हाच प्रश्न बाणाच्या निमित्तानें आला आहे. सूत्रकाराचें उत्तर निराळें आहे. बाणाची पहिली गति धनुष्याच्या प्रेरणेनें होते. त्या गतीपासून बाणांत ‘संस्कार’ उत्पन्न होतो. पुढच्या गति त्या संस्कारामुळें होतात, आणि संस्कार संपला कीं गुरुत्वामुळें बाण खालीं पडतो. म्हणजे ढकलणारी वस्तु बाहेर नसून बाणांतच कांहींतरी सांठविलेलें असतें. पुढें प्रशस्तपादानें या प्रकारच्या संस्काराला ‘वेग’ असें नांव दिलें. त्याच सूत्रांत उखळ-मुसळाचेंहि उदाहरण आहे. उखळावर आपटून मुसळ वर उसळतें, तेव्हां कांडणाऱ्याचा हात वर जातो तो त्याच्या इच्छेनें नव्हे, मुसळाच्या उसळीमुळें, असें सूत्रकार सांगतो. उखळाशीं काम करणाऱ्या माणसाकडे इतकें बारकाईनें पाहणारा तत्त्ववेत्ता विरळा. तथापि या आधारावर न्यूटनचे नियम आपल्याकडे आधींच होते असें जें कोणी मोठ्या अभिमानानें सांगतात, तें बरोबर नाहीं. वैशेषिकांचा संस्कार वापरून वापरून संपतो. न्यूटनच्या नियमांत गति आपोआप कधींच संपत नाहीं. दोहोंमधील अंतर लहान नाहीं. कणादाचा मान खऱ्या गोष्टीवरच उभा राहण्याइतका मोठा आहे.

पश्चिमेकडे सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनें ॲरिस्टॉटलला विचारलें कीं, हवाच दगडाला नेत असेल तर दगडाला हात लावण्याचें कारण काय? तो काठीच्या टोंकावर ठेवावा आणि मागून हवा हलवावी, म्हणजे झालें! चौदाव्या शतकांत पॅरिसच्या बुरिदाननें पोरांच्या खेळांतला भोंवरा पुढें केला. भोंवरा एकाच जागीं फिरतो. त्याच्या मागें शिरून त्याला ढकलावयास हवेला जागाच कोठें आहे? तरी तो दोरी सुटल्यावर कितीतरी वेळ फिरत राहतो. एवढ्या एका खेळण्यानें जुन्या मताचा पाया खिळखिळा झाला. गॅलिलिओनें उतरत्या फळ्यांवर गोळे सोडून विचार आणखी पुढें नेला. गोळा थांबतो तो थकून नव्हे, घासण्यामुळें. घासणें जितकें कमी, तितका तो लांब जातो. त्याचा या विषयावरचा ग्रंथ १६३८ सालीं निघाला. १६४४ सालीं देकार्तनें आणि १६८७ सालीं न्यूटननें आपापल्या ग्रंथांत गोफणीच्या दगडाचें उदाहरण घेतलें आहे. आतां प्रश्नच उलटा झाला. चालती वस्तु चालत कां राहते, हें विचारावयाचें नाहीं. ती थांबते कां, वळते कां, एवढेंच विचारावयाचें.

न्यूटनच्या ग्रंथानंतर ४६ वर्षांनीं या सत्याचा उपयोग एका मागावर झाला, आणि त्याचे परिणाम सोलापूरच्या घराघरापर्यंत येऊन पोंचले. ते समजण्यासाठीं ज्वारीचें शेत सोडून शहराच्या पूर्व भागांतील विणकरांच्या वस्तींत शिरलें पाहिजे. येथें तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. आज तेथील माग विजेवर चालतात. पूर्वीं घरोघर खड्ड्याचे माग होते. जमिनींत खड्डा, त्यांत पाय सोडून बसलेला विणकर, पायाखालीं पावड्या, समोर ताणलेलें उभें सूत. पावडी दाबली कीं अर्धें सूत वर उचललें जाई, अर्धें खालीं राही, आणि मधल्या वाटेनें विणकर एका हातानें धोटा सरकवून दुसऱ्या हातानें झेली. धोट्याच्या पोटांत कांडी, कांडीवर बाण्याचें सूत. मग हात्या ओढून फणीनें तो धागा ठोकून बसवावयाचा. एका वितीच्या कापडांत असे शेंकडों धागे.

या पद्धतींत कापडाचा पन्हा विणकराच्या हातांनीं ठरविलेला असे. दोन हात जेथवर पोंचतील तेथवरच कापड रुंद. त्याहून रुंद कापड हवें असेल तर मागाच्या दोन अंगांस दोन माणसें बसवून धोटा एकमेकांकडे फेंकावा लागे. इंग्लंडांत लोंकरीच्या रुंद कापडाची हीच अडचण होती. लँकाशायरमधील बरी गांवच्या जॉन के यानें १७३३ सालीं तिच्यावर तोड काढली आणि तिचें पेटंट घेतलें. त्यानें हात्याच्या दोन्ही टोंकांस एकेक उघडी पेटी बसविली, प्रत्येक पेटींत धोट्यास धक्का देणारा एक सरकता ठोकळा ठेवला, आणि दोन्ही ठोकळ्यांच्या दोऱ्या एका मुठींत आणून विणकराच्या हातीं दिल्या. मुठीस हिसका दिला कीं ठोकळा धोट्याच्या टोंकावर आदळतो आणि धोटा एकटाच पलीकडच्या पेटींत जातो. मराठींत याला धांवता धोटा म्हणतात.

येथें गोफणगुंडा पुन्हां भेटतो. ठोकळा धोट्याबरोबर चार बोटें काय तो जातो. पुढची सगळी वाट धोटा कोणाच्याहि मदतीवांचून काटतो. त्याला दोरी नाहीं, रूळ नाहीं, वरून झांकण नाहीं. खालीं ताण्याचे धागे आणि मागें फणी एवढाच त्याला आधार. शिवाय ज्या हात्यावरून तो धांवतो तो हात्याहि त्याच वेळीं मागेंपुढें झोके घेत असतो. असें असून धोटा समोर विणकराच्या अंगावर कां पडत नाहीं? हात्या आपल्या झोक्याच्या मागच्या टोंकास पोंचून पुढें वळण्याच्या बेतांत असतो, नेमका तेव्हां धोटा सोडलेला असतो. गाडी एकदम सुरू झाली म्हणजे आंत बसलेला मनुष्य जसा पाठीमागच्या फळीला टेकतो, तसा धोटा त्या वेळीं फणीला टेकून धांवतो. पुढें वळण्याची हात्याची घाईच धोट्याला धरून ठेवते.

कांडीचीहि अशीच गंमत आहे. रहाटगाडग्यासारखी फिरणारी कांडी धोट्यांत बसविली, तर धोटा सुटतांना ती जागची हलूं पाहत नाहीं आणि सूत तुटतें. धोटा थांबला तरी ती फिरतच राहते आणि नको असलेलें सूत बाहेर पडून त्याचा गुंता होतो. धांवत्या धोट्यांत म्हणून कांडी फिरूं द्यावयाची नाहीं, ती पक्की बसवावयाची. तिचें एक टोंक निमुळतें ठेवतात आणि सूत त्या टोंकावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनीं आपोआप निसटत जातें. घरोघरीं बायका कांड्या भरीत बसत तेव्हां सूत निमुळत्या टोंकाकडे बेतानें आणावयाचें हें त्यांना ठाऊक असे; भलतीकडे उंचवटा झाला तर मागावर बसलेल्या घरधन्याचें सूत तुटून बोलणीं खावीं लागत.

के याला स्वतःला या शोधापासून सुख लाभलें नाहीं. कापडवाल्यांनीं धोटा वापरला, पैसे देण्याचें टाळलें, आणि फिर्यादींचा खर्च वांटून घेण्यासाठीं आपला एक संघहि उभारला. के फ्रान्सला निघून गेला आणि तिकडेच निवर्तला. त्याचा मुलगा रॉबर्ट यानें १७६० मध्यें एकाच मागावर निरनिराळ्या रंगांचे धोटे पाळीपाळीनें आणण्याची वरखालीं सरकणारी पेटी काढली. विणणारा एवढा जलद झाला कीं कातणाऱ्यांचें सूत पुरेना. मग हारग्रीव्हज, आर्कराइट, क्रॉम्प्टन यांचीं कातण्याचीं यंत्रें आलीं, आणि सूत अति झालें तेव्हां १७८५ सालीं कार्टराइटनें यंत्रमागाचें पहिलें पेटंट घेतलें. एकानें दुसऱ्यास रेटीत न्यावें तसें हें झालें. शेवटीं त्या रेट्याचें टोंक हिंदुस्थानच्या विणकराच्या छातीवर आलें. १८६० मध्यें आगगाडी सोलापुरास पोंचली, आणि तिच्याबरोबर लँकाशायरचें स्वस्त कापड पेठेंत येण्यास मार्ग मोकळा झाला.

त्यानंतरच्या दशकांत सोलापुरांत पहिली कापडाची गिरणी, लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, निघाली. विणकर मात्र नाहींसा झाला नाहीं. गिरणीचें सूत घेऊन तो लुगडीं विणीत राहिला. कारण नऊवारीचे कांठ आणि पदर दूरच्या यंत्राला तितकेसे साधत नसत. पण त्याचें जिणें पावसाच्या हातीं होतें. पीक बुडालें कीं शेतकरी प्रथम नवें लुगडें घेण्याचें सोडतो. १८९६-९७ च्या दुष्काळांत सोलापूरचे विणकर उपासमारीच्या दारांत उभे राहिले, तेव्हां त्यांना खडी फोडावयास न लावतां त्यांच्याच धंद्यांत मदत द्यावी अशी खटपट लोकमान्य टिळकांनीं केली. सरकारनें ती योजना मान्य केली नाहीं. सूक्ष्म सूत हाताळणाऱ्या बोटांना खडीवर बसविल्यास तीं बोटें पुन्हां मागावर चालत नाहींत, एवढी गोष्ट ध्यानांत घेण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नव्हती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं दशकांत धांवता धोटा सोलापूरच्या हातमागांवर आला आणि रुळला. ज्या युक्तीनें परदेशांतून विणकराच्या पोटावर पाय आणला, तीच युक्ति पावणेदोनशें-दोनशें वर्षांनीं त्याच्या खड्ड्याच्या मागावर येऊन त्याला हात देऊं लागली. मागाला थोडें लांकूड, दोऱ्या आणि एक मूठ जोडली कीं काम भागे. नवें घर नको, इंजिन नको. साध्या कापडाचें काम जवळजवळ दुपटीनें होऊं लागलें. एक हात हिसक्यास, दुसरा हात्यास, अशी वांटणी झाली आणि पन्हाहि हातांच्या लांबीचा बंदा राहिला नाहीं. जेथें कांठाचा रंग अंगाच्या रंगापासून निराळा ठेवून दोन्हीं सुतें एकमेकांत गुंतवावयाचीं असत, अशा भारी लुगड्यांत मात्र जुना हातधोटाच टिकला. एका हिसक्यासरशीं या कांठापासून त्या कांठापर्यंत जाणाऱ्या धोट्याला मध्यें थांबून गांठ घेणें जमत नाहीं.

थांबणें ही धोट्याची खरी अडचण आहे. सामान्य समजूत अशी कीं वस्तु चालविण्यास श्रम पडतात, थांबणें फुकटांत होतें. गिरणीच्या साच्यावर ही समजूत टिकत नाहीं. समजा, धोट्याचें वजन ४०० ग्रॅम आहे आणि तो सेकंदाला १२ मीटर वेगानें धांवतो. तो वेग त्याला सुमारें २० सेंटिमीटरांत द्यावयाचा, तर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या ३६ पटींहून अधिक जोर लावावा लागतो. पलीकडे गेल्यावर तेवढीच सगळी शक्ति वीतभर जागेंत जिरवावयाची. सुमारें ७ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, तो धोटा खालीं टाकला तर जमिनीवर जेवढा आदळेल तेवढा तो प्रत्येक फेरीस पेटींत आदळतो. आणि अशा फेऱ्या मिनिटास दीडशें-दोनशें होतात. विणण्यासाठीं हातभर धागा न्यावयाचा, त्याचें वजन तें किती! शक्तीचा जवळजवळ सारा खर्च धोटा पळविण्यांत आणि थांबविण्यांतच होतो. त्यांतली पुष्कळशी उष्णता होऊन आणि थोडी आवाज होऊन जाते. वेग दुप्पट करावा म्हटलें तर ही शक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून यंत्राचें चाक वाटेल तितकें जलद फिरवितां आलें तरी धोट्याच्या मागाचा वेग कांहीं मर्यादेपुढें जाऊं शकला नाहीं.

साचेखात्याचा तो प्रसिद्ध गडगडाट याच आदळण्याचा. लँकाशायरमधील विणकर स्त्रिया एकमेकींचे ओंठ वाचून बोलत. त्यांपैकीं कित्येकींना म्हातारपणीं घरच्या शांततेंतहि ऐकूं येत नसे. याहून वाईट प्रसंग म्हणजे धोटा सुटण्याचा. एखादा तुटलेला धागा वाटेंत आडवा आला, किंवा वरचें सूत उचलण्यास किंचित् उशीर झाला, तर धोट्याचें टोंक उचललें जातें. मग त्याला फणी धरीत नाहीं, ताणा धरीत नाहीं. दोरी सुटलेला गोफणगुंडा जसा, तसा तो त्या क्षणींच्या दिशेनें सरळ निघतो. दोन्ही टोंकांस लोखंडी अणी असलेला हा लांकडी धोटा शेजारच्या मागावर काम करणाऱ्याच्या डोळ्यावर बसला तर डोळा गेलाच. यासाठीं हात्यापुढें लोखंडी सळ्या लावण्याची रीत पडली. खर्चाच्या किंवा सोयीच्या नांवाखालीं जो त्या सळ्या काढून ठेवतो, त्याला गतीचा नियम समजावून सांगण्यापेक्षां त्याच मागाजवळ दिवसभर उभें करावें हें बरें.

दुसरीहि एक खबरदारी मागांतच योजिलेली असते. धोटा वेळेवर पेटींत पोंचला तर तो एक पट्टी बाजूस सारतो आणि माग पुढें चालतो. तो ताण्यांतच अडकला तर पट्टी सरत नाहीं आणि सारा माग मोठा आवाज करून जागच्या जागीं थांबतो. नाहींतर फणी पुढें येऊन धोट्यासकट शेंकडों धागे तोडून टाकील. ते पुन्हां ओवून जोडावयाचे म्हणजे कामगाराचा कित्येक तासांचा रोज बुडाला.

जड धोट्याला जलद पळवितां येत नाहीं हें पटल्यावर धोटाच काढून टाकण्याची कल्पना निघाली. स्वित्झर्लंडांतील सुल्झर कंपनीनें विसाव्या शतकाच्या मध्यास असे माग बाजारांत आणले कीं ज्यांत कांडी मागाच्या बाहेर राहते आणि सुमारें ४० ग्रॅमचा लहानसा पोलादी चिमटा एकेक धागा ओढून नेतो. पुढें हवेच्या किंवा पाण्याच्या फवाऱ्यानें धागा उडविणारे माग निघाले. ॲरिस्टॉटलनें दगडामागें लावलेली हवा अशा रीतीनें धाग्यामागें तरी खरोखरीच लागली!

सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हातमागहि जवळजवळ संपले. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग मात्र पूर्व भागांत आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा मागांवर लांकडी धोटाच धांवतो. त्या गल्ल्यांतून जातांना परक्याला सगळा एकच खडखडाट ऐकूं येतो. जुना कामगार चहाचा पेला तोंडाला लावतां लावतां मध्येंच मान वळवितो. चार मागांपैकीं एकावर धोटा किंचित् उशिरां पोंचूं लागला आहे, हें त्याला आवाजावरून कळलेलें असतें. पेला खालीं ठेवून तो उठतो आणि त्या मागाचा धोटा मारणारा पट्टा सैल झाला आहे काय, हें आधीं चांचपून पाहतो.